गट्टूवर कललेली गाडी

जालन्यात स्कोडाच्या जुन्या ऑक्टाव्हिया गाड्या अजूनही दिसतात. छत्रपती संभाजीनगर रोडवरच्या शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ साली ही गाडी तयार व्हायला लागली. तेव्हा ती डॉक्टर-व्यापाऱ्यांकडे असायची. आता त्याच गाड्या तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे, पंचविशीतल्या पोरांच्या हातात आल्यात. ही पोरं गाडीला जीव लावतात, घरी स्वतः पाना हातात घेतात, आणि मला त्याचा मनापासून आनंद वाटतो. पण बरेच जण स्प्रिंग बदलून गाडी खाली बसवतात. मग दाराखालची पट्टी जमिनीपासून जेमतेम साडेचार इंचांवर येते. नेहमीचा ट्रॉली जॅक पूर्ण खाली केला तरी पाच इंचांच्या वरच असतो, तो आत शिरतच नाही. तो जात नाही म्हटल्यावर माणूस जे जाईल ते घालतो, आणि घोळ तिथून सुरू होतो.

श्रावणात झड लागून नुकतीच उघडीप मिळाली होती. दुपारी माझ्या गॅरेजवर एका बाईंचा फोन आला.

"भाऊ, लौकर या. गाडी जॅकवरून कलली. पोरगं आत्ताच खालून निघालं."

"आता खाली कुणी आहे का?"

"नाही, पण त्याचे वडील वाकून हात घालायलेत, पाना काढायला."

"त्यांना आधी मागं ओढा. पाना गेला तर गेला. गाडीला कुणी हात लावू नका, आत बसू नका, मी निघालोच."

अंबड रोडच्या बाजूला नव्या प्लॉटिंगमधलं घर. अंगणात सिमेंटचे गट्टू बसवलेले, पाणी वाहून जावं म्हणून गेटकडं थोडा उतार. गाडीचं तोंड गेटकडं. पुढचा डावा कोपरा गाडीबरोबर आलेल्या स्क्रू जॅकवर उचललेला, आणि तो जॅक पुढच्या बाजूला कललेला. आधार म्हणून चाकाला धरणाऱ्या लोखंडी आर्मखाली दोन विटा रचल्या होत्या, त्यातली वरची उभी चिरली होती. मुलगा ऑइल बदलायला खाली शिरला होता. चेंबरच्या, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीच्या, नटाला जोर लावताना त्याला 'कट्' असा आवाज आला आणि तो तसाच बाजूला सरकला. त्या आवाजाला त्यानं मान दिला, हे फार मोठं झालं.

गाडी का कलली हे समजून घेतल्याशिवाय मी हात लावत नाही. पहिलं कारण पायाखालचं. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगून मऊ पडते. वर मुरूम टाकून गट्टू बसवले तरी खाली तीच माती. गाडीचं वजन तेराशे किलोच्या आसपास, त्यात डिझेल इंजिन पुढं, म्हणजे त्या एका कोपऱ्यावर चारेकशे किलोचा भार. चाक तो भार निदान रुंद टायरवर पसरवतं. स्क्रू जॅकचा पाया तळहाताएवढा, तो एका गट्टूच्या कडेवर आला होता आणि ती कड खाली दबली होती.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण चांगल्या चांगल्या ड्रायव्हरांनाही ते माहीत नसतं. पावसाळ्यात केबल जाम होते म्हणून मुलानं हॅन्डब्रेक सोडून ठेवला होता आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये उभी केली होती. या गाडीचा गिअर पुढच्या चाकांना धरतो. पण दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा डिफरन्शियल मधे असतो. त्यामुळं त्यातलं एक चाक हवेत गेलं की ते मोकळं फिरतं, आणि मग जमिनीवरचं दुसरं चाकही धरत नाही. म्हणजे जॅक वर चढवला त्या क्षणापासून ती गाडी उतारावर मोकळीच होती. बोटभर पुढं सरकली आणि जॅकला घेऊन कलली. हॅन्डब्रेक मागच्या चाकांचा असतो, तो ओढलेला असता तर सरकली नसती. गाडीचा मागचा भाग उचलायचा असेल तर उलटा प्रकार: तेव्हा हॅन्डब्रेकचा उपयोग नाही, पुढच्या चाकांनाच अडण लागते. आणि काहीही उचला, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे हवेतच.

वडील निवृत्त शिक्षक. ते म्हणाले, "आम्ही चौघं मिळून उचलून धरतो, तुम्ही जॅक काढून घ्या." मी हात जोडून नाही म्हणालो. माणसाची पकड सुटते, पाय घसरतो, आणि ज्याची सुटते त्याच्या पायावर गाडी येते. सगळ्यांना ओट्यावर जायला सांगितलं. गेटसमोर खेळणारी पोरंही घरात पाठवली, कारण गाडी सुटली असती तर तिकडंच गेली असती.

आधी मागच्या दोन्ही चाकांना लाकडी ठोकळे, बाजूनं उभं राहून, हळू सरकवत. हातोडीनं ठोकायचे नाहीत, त्या हादऱ्यानंही कललेला जॅक सुटू शकतो. मग मुलाकडून स्टेपनी मागवली, तिला दोरी बांधली आणि बांबूनं ढकलत पट्टीखाली आडवी सारली. आता जॅक निसटलाच तर गाडी स्टेपनीवर थांबेल, तळाला आणि जमिनीला गाठ पडणार नाही. दोरी कशासाठी, असं मुलानं विचारलं. गाडी खाली उतरवताना स्टेपनी बाहेर काढावी लागणार होती, आणि तेव्हाही कुणाचा हात खाली जाता कामा नये.

यानंतर माझा बुटका जॅक. साडेतीन इंचांचा, आणि कोपरा वर असल्यामुळं पुढून बंपरखाली जायला जागा होती. त्याच्याखाली जाड प्लायवूडचा मोठा तुकडा अंथरला. तो फक्त माती दबू नये म्हणून नव्हता. ट्रॉली जॅक वर जाताना गाडीला टेकणारी त्याची वाटी सरळ रेषेत जात नाही, कमानीत जाते. म्हणून उचलताना जॅक गाडीखाली थोडा सरकावा लागतो. त्याची लोखंडी चाकं गट्टूच्या फटीत किंवा मातीत अडकली की जॅक जागीच राहतो आणि वाटी टेकलेल्या जागेवरून घसरते. घरच्या अंगणात गाड्या पडण्यामागं हे कारण बऱ्याचदा असतं, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

इंजिनखालच्या सबफ्रेमच्या, म्हणजे लोखंडी चौकटीच्या, जाड भागाला लाकडी ठोकळा लावून मी दांड्यानं हळूहळू भार घेतला. चेंबरला जॅक कधीच लावायचा नाही, ते फुटतं. स्क्रू जॅकवरचा ताण सुटला तसा तो आपोआप डुगडुगायला लागला. तारेच्या आकड्यानं तो ओढून काढला. मग विटा आणि पाना. शेवटी दोरीनं स्टेपनी. जॅकचा व्हॉल्व्ह पाव वळसा सोडला आणि गाडी हळू चाकावर बसली. पट्टीची खाच वाकली होती, बाकी काही नाही. त्या बाईंनी तेव्हा पहिल्यांदा भिंतीचा आधार सोडला.

मला तिथून निघता आलं असतं. पण मुलाचा चेहरा बघून वाटलं, आज याला असंच सोडलं तर हा एकतर कायमचा पाना टाकेल, नाहीतर पुढच्या खेपेला विटांच्या जागी सिमेंटचा ब्लॉक लावेल. आणि ब्लॉक विटेपेक्षा वाईट. वीट निदान चिरताना दिसते, पोकळ ब्लॉक न सांगता फुटतो. मी म्हणालो, "चल, तेच काम आता नीट करू."

गाडी मागं घेऊन गेटपासून लांब, सपाट कोब्यावर आणली. शेजारी बांधकाम चाललं होतं, तिथून दोन इंच जाडीच्या, गाठ नसलेल्या फळ्या आणल्या आणि पुढची दोन्ही चाकं त्यावर चढवली. मग हॅन्डब्रेक, गिअर, मागं ठोकळे. खाली बसलेल्या गाडीची खरी गुरुकिल्ली ही फळी. तेवढ्या दोन इंचांनी बंपर वर आला, बुटका जॅक सबफ्रेमपर्यंत गेला आणि दांडा हलवायला जागा मिळाली. बाजारातले तयार रॅम्प अशा गाडीला चालत नाहीत, चाक चढायच्या आधी बंपर टेकतो. वापरायचेच असतील तर रॅम्पच्या आधी लांब फळी टाकून चढ कमी करावा लागतो.

गाडी उचलल्यावर पुढच्या चाकांच्या मागं, पट्टीवर जिथं कंपनीच्या खुणा असतात, नेमक्या तिथं दोन्ही बाजूंनी जॅक स्टँड, म्हणजे उचललेली गाडी पेलणारे लोखंडी तिवडे, लावले. वर खाच पाडलेलं रबर, म्हणजे पट्टी वाकत नाही. जॅक हळू सोडून सगळा भार स्टँडवर आणला आणि जॅक नुसता टेकवून ठेवला. जॅकचं काम उचलायचं. तेलाच्या दाबावर उभी राहिलेली वस्तू एका झिजलेल्या सीलच्या भरवशावर असते, तिच्याखाली माणसानं जायचं नाही. मग मुलाला सांगितलं, बंपरला धरून हलव, जोर लाव. तो बिचकत हलवायला लागला. मी म्हणालो, अजून. पडायची असेल तर आत्ता पडू दे, तू बाहेर असताना. गाडी जागची हलली नाही. स्टेपनी पट्टीखाली सारली, आणि मग तो खाली गेला.

ऑइल बदलून झालं. चहा झाला. गुरुजींनी वहीत सगळं लिहून घेतलं, फळीची जाडीसुद्धा.

निघताना मुलगा म्हणाला, "भाऊ, स्टँड मी एमआयडीसीत वेल्डिंग करून आणतो. आपल्याकडं लोखंडाला काय तोटा?" खरं आहे, जालन्याच्या सळईवर कितीतरी गावांचे स्लॅब उभे आहेत. पण स्टँड निव्वळ लोखंडावर उभा राहत नाही. जोड आतपर्यंत भरलाय का, पाय फाकतील का, पिन किती भार घेईल, हे वरून दिसत नाही. ज्याच्यावर टनांचा आकडा छापलाय, दातेरी खांबाला वेगळी लॉक पिन आहे, असेच स्टँड घे, असं मी त्याला बजावलं. त्यानं दसऱ्याआधी तीन टनांची जोडी घेतली आणि ब्रेक पॅड घरीच बदलायचं ठरवलं. मला फोन करून क्रम म्हणून दाखवला: बोल्ट चाक जमिनीवर असतानाच ढिले करायचे, मग उचलायचं, मग स्टँड, मग हलवून बघायचं. एवढंच राहिलं होतं, ते मी सांगितलं. शेवटचा ताण गाडी खाली आल्यावर, टॉर्क पान्यानं, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्यानं, १२० न्यूटन-मीटर.