तुम्ही विचारलंत म्हणून: कादंबरीतली आई माझीच का?

कादंबरी आल्यापासून ट्रेनमध्ये, लायब्ररीत, अगदी लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाच्या रांगेत पण हेच विचारतात, की ती आई म्हणजे तुमचीच ना, आणि ते गुपित तुमच्या घरातलंच का? विचारणाऱ्या बहुतेक बायकाच असतात.

तर गुपित आमच्या घरातलं नाही. माझी आई शिवणकाम करायची. तिच्यातलं मी फक्त एक घेतलंय, चुरगळलेली नोट मांडीवर ठेवून पदराने सरळ करायची आणि मगच डब्यात टाकायची ती सवय.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत खाणावळ चालवणारी बाई जाते, आणि मुलीला, सुमनला, हिशोबाची जुनी वही सापडते. आईला लिहिता येत नव्हतं म्हणून वही सुमनच लिहायची, आई सांगायची आणि ही पाटावर बसून उतरवायची, कोणाचे किती आले, कोणाचे राहिले, आणि दर महिन्याच्या शेवटी एक ओळ, 'शेवंता, तीस रुपये'. सुमनला वाटायचं गावाकडची कोणीतरी तांदूळवाली असेल. पण शेवंता म्हणजे आईची पहिल्या लग्नातली मुलगी, कोकणात सासरच्यांनी ठेवून घेतलेली.

आता यातलं खरं काय, तर खाणावळी. गिरणगावात कोकण-घाटावरून एकटे आलेले कामगार चाळीतल्या बायकांकडे जेवायचे, पैसे पगार झाल्यावर, त्यामुळे महिनाभर किराणा उधारीवर आणि वर सावकाराचं व्याज. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी, त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. मग १८ जानेवारी १९८२ ला कापड गिरण्यांचा संप लागला, साधारण अडीच लाख कामगार बाहेर, पगार बंद म्हणजे खाणावळीचे पैसे बंद, कितीतरी जण गावाला गेले ते परत आलेच नाहीत. संपाच्या वर्षातली पानं सुमन उलटते तेव्हा सगळ्या नावांपुढे कोरं आहे, फक्त शेवंतापुढे आकडा आहे. घरात कण्या शिजत होत्या, सुमनची शाळा सुटली, आणि ते तीस रुपये मात्र चुकले नाहीत! मला विचाराल तर पूर्ण कादंबरी त्या एका पानात आहे.

तिथे सुमन रडत नाही, तिला राग येतो. यावर पण बरेच जण बोलतात, की गेलेल्या आईवर एवढा राग दाखवायला नको होता. मला नाही पटत. आई गेल्यावर माणूस नुसता दुःखी नसतो हो, भांडण अर्धवट राहिलेलं असतं आणि समोरचं माणूसच उठून गेलेलं असतं.

दहाव्याचा प्रसंग मी सगळ्यात जास्त वेळा लिहिला. बाणगंगेवर पिंड ठेवलाय आणि कावळा शिवत नाही. अशा वेळी घरचे काय करतात तुम्हाला माहितीये, एकेक जण पुढे होऊन सांगतो, धाकट्याचं शिक्षण करू, बाबांना सांभाळू, काळजी करू नकोस. सगळ्यांचं सांगून होतं, मामा सुमनला ढकलतो, तू बोल, आणि तिला कळत नाही काय कबूल करायचं, कारण आईला काय हवं होतं हेच तिला माहीत नाही. मामाला माहितीये, पण तो गप्प. शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करतात. वही तिला त्यानंतर सापडते.

आणि हो, सुमन शेवंताला भेटते का हेही विचारता. नाही भेटत. पत्ता मिळतो, तिथेच मी थांबवलंय, कारण शेवंता समोर आली की तिचं ऐकायला लागणार, आई जिवंत असून दर महिन्याला फक्त मनीऑर्डर बघितलेल्या मुलीचं, आणि ते शेवटच्या प्रकरणात उरकणं मला बरोबर वाटलं नाही. सध्या तेच लिहितेय, तिच्याकडून.