पियानोखाली बसलेलं पोर

नागपूरच्या एका कॉलेजात मी बीएच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. कविता शिकवायची म्हणजे आमच्याकडे बहुतेक जण गाइडातली ‘मध्यवर्ती कल्पना’ वहीत उतरवून देतात. डी. एच. लॉरेन्सच्या ‘पियानो’ची मध्यवर्ती कल्पना काय, तर बालपणाच्या गोड आठवणी. हे वाचलं की माझं डोकं फिरतं. १९१८ साली छापलेली ही १२ ओळींची कविता गोड नाहीच. संध्याकाळी एक बाई हलक्या आवाजात गातेय आणि ऐकणारा थेट आईच्या पियानोखाली जाऊन पोचतो. डोक्यावर तारांचा घुमारा, हातात आईची इवली पावलं. त्याला तिथं जायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही. गाणं त्याला फितवून नेतं.

दुसरं कडवं चालू असताना दिघोरीकडून येणारी एक मुलगी न विचारताच बाहेर निघून गेली. तास सुटल्यावर दाराशी उभी.

“सर, मला रडायचं नव्हतं. पण रडू येऊन राहिलं होतं, म्हणून गेली.”

पियानो तिने कधी पाहिलेला नाही. तिच्या घरी पायाने चालवायची शिलाई मशीन होती. लहानपणी ती त्या मशीनखाली चिंध्या गोळा करत बसायची. आई शिवता शिवता भुलाबाईची गाणी म्हणायची, दिवस भुलाबाईचे असोत-नसोत. लोखंडी पायडलवर आईची जोडवी वाजायची, गाण्याचा ठेका तोच. आता आई रेडिमेडच्या कारखान्यात मोटरच्या मशीनवर बसते. “तिथं कोण गाईल सर, स्वतःचाच आवाज येत नाही.”

चाचणीत तिने हेच लिहिलं. शिवाय लिहिलं, की ही आठवण कवितेतल्या माणसाने काढलेली नाही, ती त्याच्या अंगावर आली आहे. माझे एक सहकारी म्हणाले, विषय सोडून आहे, मार्क कापा. मी एकही कापला नाही. आय. ए. रिचर्ड्स या इंग्रज समीक्षकाने कवीचं नाव झाकून हीच कविता केंब्रिजमध्ये वाचायला दिली होती आणि बऱ्याच जणांनी तिला रडकी ठरवून मोडीत काढलं होतं. ते शेरे त्याच्या १९२९च्या पुस्तकात छापलेले आहेत. त्यांच्यापेक्षा या मुलीचं वाचन मला कितीतरी खरं वाटतं.

उत्तराच्या शेवटी तिने उलट मलाच विचारलंय: समोरचा आपलं गाणं ऐकतच नाही, हे त्या गाणाऱ्या बाईला कळलं असेल का? शेवटच्या कडव्यात तिचा आवाज चढलाय, काळाभोर मोठा पियानो गरजतोय, आणि सगळं फुकट चाललंय. कुठल्याच गाइडात हा प्रश्न नाही. माझं अजून ठरत नाही. कधी वाटतं, तिला कळलं, म्हणूनच तिने आवाज चढवला. कधी वाटतं, त्याचे भरून आलेले डोळे पाहून आपलंच गाणं भिडलं, अशी तिची समजूत झाली असणार.