चोथ्याचं काय करायचं?

न्यूयॉर्कमधल्या फ्लॅटबुशच्या आमच्या इमारतीत कुणाकडे बाप्तिस्मा असो की साखरपुडा, जिन्याला सगळ्यांच्या आधी कळतं. परवा दुपारी लवंगेचा आणि थाइमचा वास खाली उतरला, आणि मी नाकाच्या मागोमाग तिसऱ्या मजल्यावर गेले. हैतीच्या मावशी जोंजों पिळत बसल्या होत्या. (मावशी मनातल्या मनात, तोंडावर मादामच.)

जोंजों म्हणजे उत्तर हैतीत उगवणारी काळी अळंबी. वाळवलेली, बारीक देठांची, दिसायला अगदीच दरिद्री. गरम पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवली की पाण्याची शाई होते. ती फडक्यातून गाळायची, फडकं घट्ट पिळायचं, आणि भात त्या पाण्यात शिजवायचा. आधी तेलात एपिस परतायचं. लसूण, पार्स्ली, कांद्याची पात, मिरची, थाइम यांचं हे हिरवं वाटण मावशींकडे बरणीत कायम भरलेलं. मग तांदूळ, काळं पाणी, मटार, दोन-चार लवंगा. झाकणाआधी एक गोलमटोल जहाल मिरची अख्खी वर ठेवायची. ती फुटली तर पाहुणे रडतात.

आणि अळंबी? ती फेकायची.

माझा जीव तिथेच अडकला. संगमेश्वराजवळच्या आजोळी श्रावणात वारुळावर अळंबी उगवली की आधी कुजबूज व्हायची, कारण जागा शेजाऱ्यांना कळता कामा नये. मग आजी ती हाताने फाडायची, सुरी नाही लावायची. जेवायला माणसं तेरा, अळंबी ओंजळभर. वाढताना प्रत्येकाच्या ताटात फोड गेली की नाही यावर आम्हा भावंडांची करडी नजर. रस्सा कुणालाही मिळे, मान होता तो फोडीचा. त्याच घरात चिंचेचा कोळ काढून उरलेल्या चोथ्याने पितळी घागर लखलखायची, आणि चहाचा चोथा गुलाबाला जायचा. केराच्या टोपलीची उपासमार व्हायची.

तेव्हा मावशींनी फडकं केराच्या डब्यावर धरलं आणि मी चक्क त्यांचा हात धरला. “देठ चावले जात नाहीत,” त्या म्हणाल्या. काहीजण टोप्या भातात ठेवतात म्हणे. त्यांच्या मते तो नुसता दिखाऊपणा. अखेर तो चोथा मी वाटीतून घरी आणला आणि खिडकीतल्या कढीपत्त्याला घातला. कढीपत्त्याने अजून काही मत दिलेलं नाही.

भात झाला तो काळा कुळकुळीत, त्यात मटार हिरवेगार. आपल्याकडे काळ्याला संक्रांतीपुरतीच परवानगी. हैतीत मात्र लग्नाच्या पंगतीत मान ह्या काळ्या भाताचा, सोबत तळलेलं डुकराचं मटण आणि पिक्लीज, म्हणजे कोबी-गाजराचं व्हिनेगरमधलं झणझणीत लोणचं. तळाची खरवड मावशींनी स्वतःसाठी काढून ठेवली. पाहुणे कितीही थोर असोत, खरवड यजमानीणबाईंची, हे मला पटलंच. शिवाय बाजारात मॅगीची जोंजोंची वडीही मिळते. पाण्यात विरघळवली की झालं, पिळणं नाही की चोथा नाही. मावशींकडे तिचं नाव काढायची सोय नाही.

जोंजों त्यांची बहीण उत्तर हैतीतल्या काप-हाइतियेन शहरातून पाठवते. मग तांदूळही तिकडचाच का, असं मी सहज विचारलं. आर्टिबोनितच्या खोऱ्यात भातशेती मोठी, हे मला ठाऊक होतं.

“तांदूळ अमेरिकेचा,” त्या म्हणाल्या. “इथेही आणि तिथेही.”

1995 साली हैतीने परदेशी तांदळावरचा आयात कर 3 टक्क्यांवर आणला. आणायला लावला, असं मावशी म्हणतात. अमेरिकेचा अनुदानावर पिकलेला तांदूळ स्वस्तात येऊन पडला आणि आर्टिबोनितच्या शेतकऱ्यांचं कंबरडं मोडलं. त्या तांदळाला हैतीत ‘मियामी तांदूळ’ म्हणतात. 2010 साली, हैतीतल्या भूकंपानंतर दोन महिन्यांनी, 1995 साली अमेरिकेचे अध्यक्ष असलेल्या बिल क्लिंटन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे कबूल केलं की ह्या धोरणाने आपल्या आर्कान्सा राज्यातल्या काही शेतकऱ्यांचं भलं झालं असेल, पण ते धोरण चुकलं.

मावशींचे वडील आर्टिबोनितमध्ये भात पिकवायचे. ते ही कबुली ऐकायला नव्हते.