बाप खेळाडू होता, म्हणूनच ना?

आवडता खेळाडू कोण असं कुणी विचारलं की मी सिएटल मॅरिनर्स या बेसबॉल संघातून गाजलेल्या केन ग्रिफी ज्युनिअरचं नाव घेते. सिएटलमध्ये संसार थाटलेल्या माणसाला हे नाव टाळून चालतच नाही. पण आपल्या मराठी मंडळींत त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "त्याचे वडीलही बेसबॉलच खेळायचे ना? मग त्याला काय, सगळं घरात आयतं." विचारणाऱ्यांत शनिवार-रविवार मुलांना लिटल लीगच्या, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉलच्या, मैदानावर नेणारे आईबाप बरेच असतात, आणि त्यांच्या मनात खरा प्रश्न वेगळाच असतो. आमच्या घरात कुणी बॅट हातात धरलेली नाही, मग आमच्या पोराने या फंदात पडावं की नाही? तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

बरंच काही आयतं मिळालं, हे आधी मान्य करते. पण ते काय होतं आणि कुठवर पुरलं, हे पाहायला थोडं मागे जावं लागेल.

पेनसिल्व्हेनियात मोनोंगाहेला नदीच्या वळणावर डोनोरा नावाचं गाव आहे. पोलाद आणि जस्ताच्या कारखान्यांचं गाव. १९४८ साली कारखान्यांचा धूर धुक्यात कोंडून इथे २० माणसं दगावली होती. ग्रिफी घराणं इथलं. ज्युनिअर इथेच २१ नोव्हेंबर १९६९ रोजी जन्मला. त्याच तारखेला, त्याच गावात, ४९ वर्षं आधी स्टॅन म्यूझिअल जन्मला होता, बेसबॉलमधल्या थोर फलंदाजांपैकी एक. म्यूझिअलबरोबर शाळेच्या संघात बडी ग्रिफी नावाचा मुलगा खेळायचा. तो ज्युनिअरचा आजोबा. म्हणजे खेळ आजोबांपासून घरात होता म्हणायचा. पण हा बडी, त्याचा मुलगा म्हणजे ज्युनिअरचा बाप केन सिनियर दोन वर्षांचा असताना घर सोडून गेला. सहा पोरांना आईने एकटीने वाढवलं. सिनियरला बापाकडून काही शिकायला मिळालंच नाही.

अमेरिकेत दरवर्षी ड्राफ्ट होतो, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. १९६९ मध्ये सिनसिनाटी रेड्सने सिनियरला निवडलं ते २९ व्या फेरीत. तिथवर यादी येईतो कुणाचं फारसं लक्ष उरलेलं नसतं. त्याच वर्षी ज्युनिअर झाला. बाप १९ वर्षांचा, हातात मायनर लीगचा, म्हणजे मुख्य स्पर्धेखालच्या तयारीच्या संघांचा, तुटपुंजा पगार. तिथून चार वर्षांत सिनियर मुख्य संघात, म्हणजे मेजर लीगमध्ये, पोचला, आणि १९७५ आणि १९७६ अशी लागोपाठ दोन वर्षं रेड्सने वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम लढत, जिंकली. 'बिग रेड मशीन' म्हणून तो संघ आजही ओळखला जातो. १९७६ ला फलंदाजीच्या सरासरीत सिनियर हंगामाच्या शेवटच्या दिवसापर्यंत पहिला होता. आघाडी टिकावी म्हणून त्याला बसवून ठेवलं होतं. तिकडे शिकागोच्या बिल मॅडलॉकने चार हिट मारल्या, म्हणजे चेंडू मारून चार वेळा सुखरूप बेस (धावेच्या वाटेवरचा टप्पा) गाठला, सिनियरला घाईने उतरवलं, त्याला एकही हिट मिळाली नाही आणि पहिला नंबर गेला. असा हा बाप, चोख आणि वेगवान, पण त्याच संघातल्या पीट रोझ, जॉनी बेंच, जो मॉर्गन यांच्या झगमगाटात थोडा झाकलेला.

ज्युनिअरला आयतं मिळालं ते या संघाचं क्लबहाउस, खेळाडूंची कपडे बदलायची-बसायची जागा. सहा-सात वर्षांचं पोर तिथे बागडायचं. बापाची टोपी डोक्याला मोठी व्हायची, पुढून डोळ्यांवर यायची, म्हणून तो ती उलटी घालायचा. ती सवय त्याने पुढे कधीच सोडली नाही. मोठी माणसं बॅट कशी धरतात, हरल्यावर कसं बसतात, दुखापत झाली की काय करतात, हे त्याने शाळेत जायच्या वयात रोज पाहिलं. मेजर लीगचं मैदान त्याला कधी परकं वाटलं नसणार. हा फायदा मोठा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही.

पण त्या क्लबहाउसमध्ये तो एकटा नव्हता. पीट रोझचा मुलगा पीट रोझ ज्युनिअरही तिथलाच. बाप म्हणजे ४,२५६ हिट्सचा धनी, आजवर कुणीही त्या आकड्याला पोचलेलं नाही. मुलगा दोन दशकं मायनर लीगच्या गावोगाव खेळत राहिला आणि मेजर लीगमध्ये त्याच्या वाट्याला आले ११ सामने, १९९७ मध्ये. त्याच संघातल्या टोनी पेरेझचा मुलगा एदुआर्दो १३ हंगाम खेळला, तरी बापाच्या उंचीला पोचला नाही. इतकं लांब कशाला, ज्युनिअरचा सख्खा धाकटा भाऊ क्रेग घ्या. तेच घर, तोच बाप, तोच मॅरिनर्स संघ त्याला निवडणारा. मेजर लीगचा एकही सामना तो खेळला नाही. आपल्याकडेही पाहा ना, सुनील गावसकरांचा रोहन ११ एकदिवसीय सामने खेळला. विजय मांजरेकरांचा संजय मात्र ३७ कसोटी खेळून गेला. नावाने दार उघडतं, आतल्या खोलीत बसायला जागा मिळेलच असं नाही. मला तर वाटतं, रोझच्या मुलाने सगळं कळून-सवरूनही इतकी वर्षं खेळत राहणं, याला जास्त जिद्द लागली असेल.

आता दुसरी बाजू. १९८१ च्या अखेरीस सिनियरची रवानगी न्यूयॉर्क यांकीजकडे झाली. बिऱ्हाड सिनसिनाटीतच राहिलं. ज्युनिअर बारा वर्षांचा. ज्या वयात बाप जवळ हवा, त्या वयात बाप वर्षातले सात-आठ महिने फोनवर. न्यूयॉर्कला गेल्यावरचा एक प्रसंग ज्युनिअरने पुढे स्वतः सांगितला आहे. तो डगआउटमध्ये, म्हणजे मैदानालगतच्या खेळाडूंच्या बाकांवर, बसला होता, तेव्हा सुरक्षारक्षकाने येऊन सांगितलं की इथे बाहेरचं कुणी बसायचं नाही, मालकांचा हुकूम आहे. सिनियरने मुलाला म्हटलं, आधी तिसऱ्या बेसकडे बघ. तिथे दुसऱ्या एका खेळाडूचा मुलगा चेंडू अडवायचा सराव करत होता. ज्युनिअर ते विसरला नाही. यांकीजसाठी आपण खेळणार नाही, हे तो उघड बोलायचा, आणि खेळला नाहीच.

सिनसिनाटीच्या मोलर हायस्कूलमध्ये त्याचं नाव गाजायला लागलं तरी एक गोष्ट कायम होती. वडील सामना बघायला आले की त्याला हिट मिळायची नाही. एरवी कुणाचं दडपण न घेणारा मुलगा त्या एका माणसाला खूश करण्याच्या नादात चुकायचा. 'मला काही दाखवून द्यायची गरज नाही,' असं सिनियर सांगायचे. पण असं सांगून कुठल्या मुलाचं समाधान होतं?

जून १९८७ मध्ये सिएटल मॅरिनर्सला ड्राफ्टची पहिली निवड मिळाली. मालक जॉर्ज आर्जिरोस यांना माइक हार्की नावाचा कॉलेजचा पिचर (गोलंदाज) हवा होता. खेळाडू हेरणाऱ्या मंडळींनी हट्ट धरला, ग्रिफीच हवा. शेवटी त्यांचं ऐकलं गेलं. बाप २९ व्या फेरीत, मुलगा देशात पहिला. १ लाख ६० हजार डॉलर बोनस हातात पडला आणि १७ वर्षांच्या मुलाला बेलिंगहॅमला धाडलं. हे गाव आमच्या सिएटलच्या उत्तरेला, कॅनडाच्या सीमेजवळ. मायनर लीगची खालची पायरी, बसचे लांबलांबचे प्रवास, घरापासून दोन हजार मैल. तिथे त्याने ५४ सामन्यांत १४ होम रन (कुंपणापार फटके) मारले. आकडे बघून सगळं छान चाललंय असंच कुणालाही वाटलं असतं.

त्याच हिवाळ्यात, जानेवारी १९८८ मध्ये, घरी परतलेल्या या १८ वर्षांच्या मुलाने स्वतःला संपवण्याचा प्रयत्न केला. वेळेत दवाखान्यात नेलं म्हणून वाचला. चार वर्षांनी, तो देशभर लाडका झालेला असताना, त्याने हे सिएटल टाइम्सला स्वतःहून सांगितलं. दुसऱ्या कुणी तरुणाने असं पाऊल उचलू नये म्हणून सांगतोय, असं त्याचं म्हणणं होतं. मैदानावर सगळे ओरडतात आणि घरी आलो की घरीही ओरडा, अशी त्याची तेव्हाची अवस्था होती. वडिलांशी रोज खटके उडायचे. भाडं दे नाहीतर आपली सोय बघ, इथवर गोष्ट गेलेली. त्या घटनेनंतर दोघं भांडायचे थांबले आणि एकमेकांशी बोलायला लागले. 'आयतं मिळालं' म्हणणाऱ्यांना मी हा हिवाळा आवर्जून सांगते. पहिला नंबर, मोठा बाप, बँकेत पैसे, तरी त्या मुलाला जगावंसं वाटत नव्हतं आणि ते जवळच्या कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. आपल्या मुलांचे मार्क आणि धावा मोजताना आपण हे किती विचारतो, हे ज्याचं त्याने बघावं.

त्यानंतर गाडी सुटली ती सुसाट. १९८९ च्या वसंतात ॲरिझोनातल्या सराव सामन्यांत त्याने अशी काही बॅट चालवली की मधल्या पायऱ्या गाळून त्याला थेट मुख्य संघात घेतलं. वय १९. ३ एप्रिलला ओकलंडमध्ये पहिला सामना. समोर डेव्ह स्टुअर्टसारखा पिचर, आणि पहिल्याच संधीत डबल, म्हणजे थेट दुसऱ्या बेसपर्यंतची हिट. १० एप्रिलला किंगडोम या घरच्या मैदानावर पहिल्यांदा बॅट घेऊन उभा राहिला आणि पहिल्याच चेंडूवर होम रन. १० एप्रिल हा सिनियरचा वाढदिवस. सिनियर तेव्हाही रेड्ससाठी खेळतच होते. बाप आणि मुलगा एकाच हंगामात मेजर लीगमध्ये, असं याआधी कधी घडलं नव्हतं.

आणि मग १९९०. ऑगस्टमध्ये रेड्सने ४० वर्षांच्या सिनियरला मोकळं केलं आणि मॅरिनर्सने बोलावून घेतलं. ३१ ऑगस्टला किंगडोममध्ये कॅन्सस सिटी रॉयल्सविरुद्ध दोघं एका संघात उतरले. सिनियर लेफ्ट फील्डला, ज्युनिअर शेजारी सेंटर फील्डला. फलंदाजीत बाप दुसरा, मुलगा तिसरा. पहिल्याच डावात सिनियरने चेंडू मधून मारला आणि पहिल्या बेसवर जाऊन उभे राहिले. लगोलग ज्युनिअरनेही हिट मारली. त्याच सामन्यात रॉयल्सचा बो जॅक्सन दुसऱ्या बेसकडे धावला. जॅक्सन म्हणजे वाऱ्यासारखा पळणारा गडी. सिनियरने लेफ्ट फील्डमधून फेक करून त्याला बाद केलं. चाळिशीचा माणूस, जुन्या संघाला नकोसा झालेला, आणि हा हात! मला त्या दिवसातलं सगळ्यात जास्त हेच आवडतं. तो नुसता कौतुकाचा कार्यक्रम नव्हता, बाप तिथे खेळायलाच आला होता.

दोन आठवड्यांनी, १४ सप्टेंबरला अ‍ॅनाहाइममध्ये कर्क मॅकॅस्किलच्या चेंडूवर सिनियरने होम रन मारला. पाठोपाठ ज्युनिअर आला. तीन बॉल (कक्षेबाहेर टाकलेले चेंडू) झालेले, एकही स्ट्राइक नाही. अशा वेळी फलंदाज सहसा बॅट हलवत नाही, चौथा बॉल पडला की फुकट बेस मिळतो. ज्युनिअरने बॅट फिरवली, आणि चेंडू वडिलांच्या चेंडूच्याच दिशेने कुंपणापार. बापलेकांचे लागोपाठ होम रन एवढे एकदाच झालेत.

गंमत अशी, की दोघांचा खेळ मुळात वेगळा. सिनियर पायांच्या जोरावर हिट काढणारे, १९ हंगामांत त्यांचे होम रन १५२. मुलाचे ६३०. दोघं डावखुरे, पण तो लांब, सैल फटका मुलाचा स्वतःचा. बापाने आपला साचा त्याच्यावर लादला नाही, हे सिनियरचं माझ्या मते मोठं देणं.

पुढचं तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल: उत्तम क्षेत्ररक्षणाचे दहा गोल्ड ग्लव्ह, १९९७ चा एकमताने मिळालेला एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडूचा किताब), २००० मध्ये वडिलांच्या रेड्सकडे जाणं आणि तिथली एकामागून एक दुखापतींची वर्षं, २०१६ मध्ये ४४० पैकी ४३७ मतं घेऊन हॉल ऑफ फेम, म्हणजे बेसबॉलच्या थोरांच्या यादीत जागा. १९९५ च्या ऑक्टोबरात यांकीजविरुद्ध सहकारी एडगर मार्टिनेझच्या डबलवर पहिल्या बेसवरून धावत येऊन त्याने विजयी धाव घेतली, त्याची आठवण या शहरात अजून निघते.

राहिला तुमचा खरा प्रश्न. ज्युनिअरचा मुलगा ट्रे. तीन पिढ्यांचा बेसबॉल पाठीशी, आणि या पोराने निवडला अमेरिकन फुटबॉल. ॲरिझोना विद्यापीठाकडून तो खेळला. २०१६ मध्ये मॅरिनर्सने मानाचा भाग म्हणून त्याला ड्राफ्टच्या २४ व्या फेरीत निवडलं, कारण २४ हा ज्युनिअरच्या जर्सीचा आकडा. ट्रे तरी फुटबॉलमध्येच राहिला. आणि ज्युनिअर? मुलाच्या सामन्यांना तो कॅमेरा घेऊन मैदानाच्या कडेला उभा राहायचा. तिथून त्याला फोटोग्राफीचा असा नाद लागला की २०२५ मध्ये मास्टर्स गोल्फ स्पर्धेचे फोटो त्याने अधिकृतपणे काढले. तेव्हा तुमच्या घरात कुणी खेळलेलं नसेल तर नसू दे, पोराला खुशाल उतरवा. शनिवारी सामना असेल तेव्हा कडेला जाऊन उभे राहा, आणि घरी येताना गाडीत स्कोअर सोडून दुसरं काहीतरी विचारा.