नक्षी कुठे धरायची

शनिवार, एम्पोरिया (कॅन्सस)

आज दुपारी माउझर ९८ या जुन्या जर्मन रायफलचे सुटे भाग नक्षी कोरायला आले. गिऱ्हाइकाच्या वडिलांनी महायुद्धानंतर युरोपातून आणलेली ही रायफल. पुढे कुणीतरी नळी कापून, लाकूड बदलून ती शिकारीची केली, म्हणूनच मी काम घेतलं. मूळ लष्करी रूपात, सगळ्या भागांवर जुळणारे अनुक्रमांक असलेली असती, तर कोरणी लावूच नका असं सांगितलं असतं.

रिसीव्हर, म्हणजे नळी आणि बोल्ट ज्यात बसतात तो मधला भाग, मागवला नाही. अमेरिकेत कायद्याच्या लेखी रिसीव्हर म्हणजेच बंदूक. धंदा म्हणून तो ठेवून घ्यायचा तर परवाना हवा, नोंदवही हवी. पण परवाना असता तरी मी नकोच म्हटलं असतं. जुन्या माउझरचा रिसीव्हर कमी कार्बनच्या पोलादाचा, वरच्या थरात कार्बन मुरवून पाणी दिलेला. आतून चिवट, वरून इतका कडक की कोरणीचं टोक तुटतं. काही जण तो तापवून मऊ करून घेतात. पण बोल्टचे, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या दांड्याचे, लग (पुढे आलेले दात) ज्या खाचांत अडकून गोळी सुटतानाचा दाब झेलतात, त्या खाचांचा कडकपणाही त्या आचेत जातो. परत तसंच पाणी देणारा जाणकार हाताशी नसेल, तर वेलबुट्टीपायी एवढा धोका कशाला? नेम धरणाऱ्याचा गाल तिथून वीतभर अंतरावर असतो.

गिऱ्हाइकाने फ्लोअरप्लेट, म्हणजे गोळ्यांच्या कप्प्याखालची पट्टी, दोन पाठवल्यात. एक पोलादाच्या तुकड्यातून मशीनवर कापून काढलेली, दुसरी पत्रा दाबून केलेली. युद्धाच्या शेवटी शेवटी जर्मनीत वेळ आणि माल वाचवायला असे पत्र्याचे भाग निघाले. पत्र्याची दिसायला नवीकोरी आहे, गिऱ्हाइकाला तीच आवडलीय. पण त्यांना हवंय मधोमध हरीण आणि त्याच्याभोवती इथल्या माळावरचं उंच ब्लूस्टेम गवत, तेही उठावात. उठाव म्हणजे भोवतालची जमीन खाली न्यायची. पत्र्यात खाली जायला जागाच नाही. मशीनवर कापलेली उलटी करून आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा कडेला, बारीक कानस फिरवली. कानस घसरली तर माल कडक. इथे ती धरली, बारीक चकचकीत भुगा निघाला. याच पट्टीवर काम होणार. बाहेरून गंजाचे दोनचार खड्डे आहेत, ते घासून निघतील. जो खोल आहे तो गवताच्या मुळाशी जिरवता येईल.

ट्रिगर गार्ड, म्हणजे घोड्याभोवतीची कमान, हीही चांगल्या पोलादाची, पण अरुंद आणि वळणाची. तिथे चित्र नको, धावती वेल पुरे. हात सतत तिथे लागतो, म्हणून रेषा जरा खोल, नाहीतर काही वर्षांत पुसट होतील.

स्क्रूंवर मात्र बराच वेळ गेला. वेल स्क्रूच्या माथ्यावरून सलग जायची असेल, तर स्क्रू आधी पूर्ण आवळून त्याची खाच नळीच्या रेषेत आली पाहिजे. नंतर अर्धा आटा फिरला तरी वेल तुटलेली दिसते. जुन्या स्क्रूंच्या खाचा पेचकसाने चेंदलेल्या आहेत. जाड माथ्याचे, खाच न पाडलेले नवे स्क्रू गनस्मिथने (बंदुकीच्या कारागिराने) बसवायचे, आवळायचे, मगच खाच पाडायची आणि माथा घासून सपाट करायचा. तोवर कोरणी धरायची नाही.

दुर्बिणीच्या कड्या ॲल्युमिनियमच्या निघाल्या. वरचा थर कडक, आत धातू चिकट, आणि ब्लूइंगच्या, म्हणजे पोलादाला निळसर-काळा रंग चढवण्याच्या, गरम क्षारात ॲल्युमिनियम विरघळतं. पोलादी कड्या घ्या म्हणून कळवलंय. ग्रिप कॅप, म्हणजे लाकडी मुठीच्या टोकाची टोपी, ओतीव आहे. भिंगाखाली बारीक छिद्रं दिसली. हरणाच्या डोळ्याच्या जागीच छिद्र लागलं तर काय करणार? नवी, सळईतून कापलेली मागवायची.

आमच्या हुपरीच्या घरी चांदीवरचं काम असायचं. चांदीवर हात घसरला तरी धातू सांभाळून घेतो, घासून पुन्हा सुरुवात करता येते. पोलाद सांभाळून घेत नाही, म्हणून भाग निवडण्यात दिवस गेला तरी मला तो वाया गेला असं वाटत नाही. कोरणीचं टोकही चांदीपेक्षा बोथट कोनात लावावं लागतं. आज तशी दोन टोकं लावून ठेवली.

गिऱ्हाइकाचा रात्री फोन आला. पत्र्याची पट्टी का नको ते सांगितलं, त्यांना पटलं. हरणाच्या डोळ्यात सोनं हवं म्हणाले. चोवीस कॅरेटची तार चालेल, गरम ब्लूइंगने तिला काही होत नाही. पण क्रम त्यांना दोनदा समजावला: आधी पॉलिश, मग कोरीव काम, मग ब्लूइंग. कोरल्यावर चाकावर पॉलिश केलं की रेषांच्या कडा गोल होतात आणि सगळं काम मेणासारखं दिसतं. सोमवारी फ्लोअरप्लेट पॉलिशला जाईल, हातानेच, लाकडी ठोकळ्यावर पॉलिशकागद लावून. तसं गनस्मिथला चिठ्ठीत लिहून दिलंय.