वल्ह्यांची शाळा : श्रीनगरची टिंडेल बिस्को

लाल चौकातल्या घंटाघरापाशी फोटो काढून झाले की मराठी पर्यटकांची वरात पोलो व्ह्यूच्या बाजाराकडे वळते. आमचीही वळली. नणंदबाईंना पश्मिना घ्यायची होती, यजमानांना अक्रोड. मी मात्र हळूच शेखबागेच्या रस्त्याला लागले. मला एक शाळा बघायची होती.

आमचे हाउसबोटवाले या शाळेला नुसतं ‘बिस्को’ म्हणायचे. त्यांचे मेव्हणे तिथलेच माजी विद्यार्थी, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. “तुम्हाला शाळेत काय बघायचंय?” असं दोनदा विचारून शेवटी तेच मला घेऊन निघाले. शाळा भरलेली होती, त्यामुळे आत हिंडायचा प्रश्न नव्हता, आणि ते योग्यच. पण मला जे पाहायचं होतं ते बोधचिन्ह बाहेरूनही दिसतं : एकमेकांवर तिरकी ठेवलेली दोन वल्ही. पुस्तक नाही, दिवा नाही, सूर्य नाही. शाळेच्या चिन्हात वल्ही का, या प्रश्नाच्या उत्तरातच सगळा इतिहास आहे.

‘चर्च मिशनरी सोसायटी’ या इंग्लंडमधल्या संस्थेने 1880 साली इथे मुलांची शाळा काढली. त्याआधी मिशनचा दवाखाना होता. डॉ. एल्म्स्ली 1865 मध्येच आले होते आणि लोक औषधासाठी का होईना, मिशनऱ्यांच्या दारात येऊ लागले होते. शाळा सुरुवातीला या दवाखान्याच्याच आसऱ्याने चालायची. तेव्हाचे पाद्री जेम्स हिंटन नोल्स यांना मुलं जमवण्याइतकीच हौस काश्मिरी म्हणी आणि लोककथा जमवण्याची होती. त्यांनी त्या छापूनही काढल्या. माणूस रसिक असावा. पुढे शाळा जुन्या शहरात, झेलमच्या काठी फतेह कदलला गेली. ‘कदल’ म्हणजे पूल. जुनं श्रीनगर झेलमवरच्या सात पुलांच्या आसपास वाढलं, म्हणून पत्ता विचारला की अजूनही पुलाचंच नाव सांगतात.

1890 च्या अखेरीस सेसिल टिंडेल-बिस्को तिथे पोचले. वय 27. केंब्रिज-ऑक्सफर्डच्या 1884 सालच्या नौकाशर्यतीत केंब्रिजच्या नावेचं सुकाणू त्यांच्या हाती होतं, आणि ती शर्यत केंब्रिजने जिंकली होती. मधली काही वर्षं लंडनच्या गरीब वस्तीत धर्मकार्य. आता समोर बसलेली मुलं बहुतेक काश्मिरी पंडितांची, लांब फेरन म्हणजे सैल झगा घातलेली, आत पोटाशी कांगडी म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी धरलेली. यांना फारसी-इंग्रजी शिकून दरबारात कारकुनी मिळवायची होती. हाताने काम करणं, पळणं, नाव वल्हवणं हे खालच्या लोकांचं. नाव तर हंजींची, म्हणजे नावाड्यांची. पंडिताच्या पोराने वल्हं हातात घ्यायचं म्हणजे घराण्याचं नाक कापायचं.

1891 च्या शरद ऋतूत बिस्को लग्न करून पत्नी ब्लांश यांना घेऊन आले. सामानात चामड्याचा फुटबॉल होता. खोऱ्यातला तो पहिलाच, असं ते स्वतः लिहून गेलेत. मुलांनी आधी विचारलं, खेळलं तर पैसे मिळतील का? नाही. मग हे बनवलंय कशाचं? चामड्याचं. झालं! विटाळ! न्या ते बाहेर.

या ठिकाणी मला आपलं पुणं आठवलं. ऑक्टोबर 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, टिळक आणि इतर मंडळी व्याख्यानाला गेली, पुढे चहा-बिस्किटं आली, आणि गोपाळराव जोशांनी नावं छापून टाकल्यावर गावात केवढा गदारोळ झाला! प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. पुण्यात चहाच्या कपाला जर एवढं, तर श्रीनगरात गाईच्या कातड्याला लाथ मारायला सांगणाऱ्या साहेबाबद्दल काय वाटलं असेल, याची कल्पना आपल्याला चांगलीच करता येते.

साहेबाने मात्र समजूत घालायचा विचार केला नाही. मास्तरांच्या हातात काठ्या दिल्या आणि मुलांना रांगेने शेखबागेच्या मैदानावर हाकललं. वाटेत बघ्यांची गर्दी. मैदानावर फेरन आणि लाकडी खडावा अशा थाटात दोन संघ उभे. कोणी चेंडूला पाय लावेना. थोडा वेळ दिला, मग काठीवाले मास्तर पुढे सरकले आणि ‘काश्मीरचा पहिला फुटबॉल सामना’ सुरू झाला. खडावा उडाल्या, फेरनं पायात अडकली. मध्येच एकाच्या तोंडावर चेंडू बसला. आता विटाळलेल्या तोंडाचं करायचं काय? खेळ थांबला, मुलगा रडू लागला. साहेबाने सांगितलं, कालव्यावर नेऊन धुवा. धुऊन आणला, आणि सामना पुन्हा सुरू.

ही गोष्ट मेव्हण्यांनी मला बंडवरून, म्हणजे झेलमच्या बांधावरच्या रस्त्याने, चालताना रंगवून सांगितली. शाळेत ती प्रत्येक मुलाला सांगतात म्हणे. मला हसू आलं, आणि थोडा रागही. काठी दाखवून सुधारणा करणारा माणूस, त्यात राज्यकर्त्यांच्या जातीचा. काश्मिरी मुलांबद्दल बिस्कोंनी जे लिहिलंय त्यात तुच्छतेचा सूर जागोजागी आहे. आपल्या शाळेबद्दल लिहिताना ‘आम्ही यांना माणसं बनवलं’ हा दर्प लपत नाही. शाळेचं ब्रीदवाक्यही त्याच सुरातलं : प्रत्येक गोष्टीत माणूस व्हा.

पण गोष्ट तिथेच संपत नाही, म्हणून तर मी इथवर आले. फुटबॉलपाठोपाठ नावा आल्या. बोधचिन्हातल्या वल्ह्याचा अर्थ शाळेत असा लावतात : दांडा म्हणजे कष्टाचं बळ, काश्मिरी वल्ह्याचं पुढचं पातं हृदयाच्या आकाराचं असतं म्हणून माया, आणि दोन वल्ही तिरकी ठेवल्यावर होणारा क्रूस म्हणजे स्वतःला खर्ची घालणं. अर्थ जरा ओढूनताणून वाटतो खरा, पण त्या वल्ह्यांनी प्रत्यक्षात काय केलं ते बघा. पुरात अडकलेल्यांना काढायला शाळेच्या नावा गेल्या. 1893 आणि 1903 चे पूर भयंकर होते. मिशन हॉस्पिटलमधले बरे होत आलेले रुग्ण नावांत बसवून हीच मुलं सरोवरावर फिरवून आणायची, हवापालटासाठी. पटकीची साथ आली तेव्हा फावडी घेऊन गल्ल्या साफ केल्या. आग लागली की विझवायला धावायचं. हिवाळ्यात रस्त्यावर सोडून दिलेली उपाशी गाढवं सांभाळायची. ज्यांच्या घरी पाणीसुद्धा नोकर भरून देई, त्या पोरांनी हे केलं.

गुणपत्रिकाही तशीच बेतलेली होती. एक तृतीयांश गुण अभ्यासाला, एक तृतीयांश शरीराला, एक तृतीयांश वागणुकीला, म्हणजे दुसऱ्यासाठी काय केलंस त्याला. आपल्याकडच्या ‘टक्के किती?’वाल्या पालकांनी ही शाळा चालू दिली असती का, मला शंका आहे.

पोहण्याचा नियम मला सगळ्यात आवडला. पाण्यावर वसलेलं शहर, आणि सभ्य घरच्या मुलाला पोहता येत नाही! बिस्कोंनी ठरवलं, ठरावीक वयापर्यंत पोहायला शिकला नाही तर फी वाढणार. धर्म, अब्रू, आईची भीती यातलं काहीही फीवाढीपुढे टिकलं नाही. नौकाशर्यतींत आणखी एक गंमत असायची : इशारा झाला की मुलांनी नावा मुद्दाम उलट्या करायच्या, पाण्यात पडायचं, नाव सरळ करून पुन्हा चढायचं. दल सरोवर पोहून पार करणं ही परंपराच झाली. वुलर सरोवर तर नावाडी दुपारच्या वाऱ्याला भिऊन टाळायचे, तेही पोहून झालं. पुढे डोंगरही आले, 13,000 फुटांच्या महादेव शिखरापर्यंत. जॉन रे प्राचार्य असताना मेव्हणे शाळेत होते, त्यांनी महादेवाची चढाई केलेली. “आम्हाला वर चढताना शिव्या सुचत होत्या,” ते म्हणाले, “उतरताना पुढच्या वर्षीचं ठरवत होतो.”

आता सगळ्यात नवलाची गोष्ट. मिशनची शाळा, पण ख्रिस्ती किती झाले? जवळजवळ कोणीच नाही. मिशनच्या वरिष्ठांची यावरून कुरकुर असायची. पंडित शंकर कौल मुख्याध्यापक म्हणून शाळेचा गाडा ओढत होते. मुलींसाठीही मिशनची वेगळी शाळा होती, 1922 मध्ये आलेल्या मिस मॅलिन्सन यांचं नाव तिला आहे, आणि आज दोन्ही एकाच व्यवस्थापनाखाली आहेत. बिस्को 1947 मध्ये काश्मीर सोडून गेले आणि 1949 मध्ये दक्षिण ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, वारले. फारूक अब्दुल्ला याच शाळेचे. पुढचा काळ सोपा नव्हता. शाळेची तंगमर्ग गावातली शाखा सप्टेंबर 2010 मध्ये जमावाने जाळली. 2014 च्या पुरात लाल चौक आणि आसपासचा सगळा भाग पाण्याखाली होता.

मेव्हण्यांना मी विचारलं, “काठीने फुटबॉल खेळायला लावणं तुम्हाला पटतं?”

“नाही पटत. माझ्या वडिलांनाही पटलं नव्हतं. तेही इथलेच. मुष्टियुद्धात नाक फुटलं होतं त्यांचं.”

“मग तुम्हाला का घातलं इथे?”

“घर जवळ होतं,” ते म्हणाले. “आणि मला पोहता येत नव्हतं.”

जाणार असाल तर झीरो ब्रिजपासून बंडवरून अमीरा कदलकडे चालत या, चिनारांची सावली आहे. शाळेच्या वेळात आत डोकावू नका, मुलांचे फोटो नकोत. शेखबाग झाल्यावर रिक्षाने फतेह कदलला जा आणि पुलावरून झेलम बघा. पलीकडे थोडं खाली शाह-ए-हमदान या सूफी संताची खानकाह, म्हणजे सूफींचं प्रार्थनास्थळ, आहे, लाकडी, देखणी. तिच्या गल्लीत शिरमाल, म्हणजे भट्टीतली रोटी, मिळाला तर घ्या. नून चहा, म्हणजे काश्मिरी खारा चहा, सगळ्यांना आवडेलच असं नाही. आमच्या यजमानांनी एक घोट घेतला आणि कप माझ्याकडे सरकवला.