दोन ठिपके की तीन?

गेल्या श्रावणात यवतेश्वरच्या घाटात एका वळणावर ओल्या मातीवर पंधरा-वीस पिवळी फुलपाखरं क्षार शोषत दाटीनं बसलेली, भाची म्हणाली मावशी ही सगळी एकच ना गं, मी म्हटलं हो, कॉमन ग्रास यलो. घरी येऊन फोटो मोठे केले तर त्यातली तीन थ्री-स्पॉट ग्रास यलो निघाली.

ही फुलपाखरं बसली की पंख मिटूनच बसतात, त्यामुळे ओळख पटवायची ती पंखांच्या खालच्या बाजूवरून. पुढच्या पंखाच्या बुडाशी सुरू होणारा जो लांबट बंद कप्पा असतो त्याला सेल म्हणतात, त्यात कॉमनला दोन बारीक ठिपके आणि थ्री-स्पॉटला तीन. आता गोची अशी की सेलच्या टोकाला एक कडं असतं, वालाच्या दाण्यासारखं वाकडं, ते मोजायचं नाही! मी दोन वर्षं ते मोजत होते आणि कॉमनलाच थ्री-स्पॉट लिहीत होते, पूर्ण वही परत तपासावी लागली. शिवाय मागचा पंख वर चढला की आतले ठिपके झाकून जातात, अशा फोटोखाली मी आता नुसतं युरेमा, म्हणजे दोघींचं सामाईक शास्त्रीय नाव, लिहिते, उगाच अंदाज नाही. आणि हिवाळा-उन्हाळ्यातल्या पिढीत पुढच्या पंखाच्या टोकाजवळ तपकिरी डाग येतो, तो बघून तिसरीच जात समजू नका, तो ऋतूचा फरक.

पण मला विचाराल तर पंखांपेक्षा अंडी-अळ्यांवरून ओळख जास्त पक्की होते. कॉमनची मादी टाकळ्यावर वगैरे एकेक अंडं सुटं घालते, अळीचं डोकं हिरवं. थ्री-स्पॉट मात्र अंड्यांचा पुंजकाच घालते, अळ्या घोळक्यानं राहतात आणि डोकी काळी कुळकुळीत.

परवा गोडोलीत शेजारच्या बहाव्याच्या कोवळ्या पानावर असाच घोळका दिसला, काळी डोकी एका ओळीत, सगळ्या मिळून कडेकडेनं पान कुरतडत होत्या. भाचीला फोन लावला, म्हटलं ये गं लगेच, ठिपके मोजायची गरजच नाही.